सल्फर युनिटला पहिल्यांदा लागताना

रिफायनरीच्या सल्फर युनिटवर, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायूपासून गंधक काढतात तिथे, कामाला लागताना काय सांभाळायचं हे आधी विचारलंस ते बरं केलंस. औशाहून थेट तिथे निघालायस, पण पुस्तक पाठ करायच्या भानगडीत पडू नको.

एकच गणित पक्कं कर: दोनास एक. हायड्रोजन सल्फाइडचा एक तृतीयांश भाग भट्टीत जाळून सल्फर डायऑक्साइड होतो, तो उरलेल्या दोन भागांशी मिळून गंधक बनतं. हवा जास्त झाली की डायऑक्साइड उरतो, कमी पडली की सल्फाइड. नवी पोरं हमखास हवेचा व्हॉल्व्ह सारखा हलवत बसतात. थोडा हलव, थांब, अॅनालायझर (दोन्ही वायू किती उरले ते दाखवणारं यंत्र) बघ, मगच पुन्हा हात लाव.

वासावर तर अजिबात विसंबू नको. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास गेला म्हणजे तो विषारी वायू गेला असं नाही. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होतं. वायू मोजायचा मीटर कॉलरजवळ लाव, खिशात नको.

आणि वाफेचं जॅकेट, म्हणजे गंधकाची लाइन गरम ठेवणारं वाफेचं आवरण. गंधक ११५ अंशांच्या आसपास गोठतं. माझ्या पहिल्या पावसाळ्यात स्टीम ट्रॅप (जॅकेटात साचलेलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) बिघडला अन् एक लाइन रातोरात दगड झाली, पिवळीधमक. सकाळपर्यंत वाफेची नळी धरून उभा होतो. ट्रॅप रोज बघ.

टेल गॅस (शेवटी उरणारा वायू), उत्प्रेरक वगैरे दिवाळीनंतर बोलू. अन् हो, असलंच गंधक आपल्या सोयाबीनलाही खत म्हणून पडतं बरं का.