सोलापूरच्या उन्हाळ्यात मानेवर घामोळं आलंय, कॅलामाइन लोशन कसं लावायचं?

आधी बाटली जोरात हलवा. गुलाबी भुकटी तळाशी बसते. न हलवता ओतलं की वरचं पाणीच लागतं आणि मग ‘गुण येत नाही’ अशी तक्रार. मान गार पाण्यानं धुवा, टॉवेलनं टिपा. आपला सोलापुरी टर्किश टॉवेल चालेल, पण घासू नका. कापसाच्या बोळ्यानं पातळ थर द्या, वाळल्यावरच सदरा घाला. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. दर वेळी आधीचा थर धुवा, नाहीतर पापुद्रे धरून कातडी ओढते. वरून टाल्कम पावडर थापू नका, घामाची छिद्रं आणखी बुजतात. खरचटलेल्या जागी, डोळ्यांजवळ लावायचं नाही. पू किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.