जुन्या रंगाची धूळ आणि येणारे बाळ

प्रश्न : माझी मुलगी ओटीभरणानंतर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे. आमचे घर जुन्या इंदुरातले, सासऱ्यांच्या वेळचे आहे. तिच्यासाठी माडीवरची खोली, दारे-खिडक्यांसकट, खरवडून नव्याने रंगवण्याचा विचार आहे. ती मात्र फोनवर सांगते की घरातले प्लास्टिकचे सगळे डबे काढून टाक, काजळ नको, शेक-शेगडी नको. आम्ही हे सारे आयुष्यभर केले आणि मुलेही चांगली वाढवली. यात खरे किती आणि भीती किती?
– एक होऊ घातलेली आजी, इंदूर

उत्तर : आपल्या पत्रात मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती डब्यांची नव्हे, खोलीची. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि ते २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्यापूर्वीच्या थरांचा भरवसा धरता येत नाही. रंग भिंतीवर घट्ट बसलेला असेल तोवर तो फारसा त्रास देत नाही, पण कारागीर कोरड्या पॉलिश पेपरने चौकट घासू लागला की पिठासारखी बारीक धूळ उडते आणि ती खिडकीच्या खाचेत, गादीवर, फरशीच्या सांध्यांत जाऊन बसते. पुढे तेच बाळ सात-आठ महिन्यांनी याच फरशीवर रांगेल आणि हात तोंडात घालील. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठे माणूस साधारण दहावा हिस्सा शोषून घेते. लहान मूल जवळजवळ निम्मे शोषू शकते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो, आणि रक्तातील शिशाची कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित मानत नाही.

गर्भवतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागवते, त्यामुळे ते वर्षानुवर्षे हाडांत साठून राहते आणि गर्भाच्या वाढीसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघू लागले की त्याच्यासोबत रक्तात उतरते व वारेतून बाळापर्यंत पोहोचते. म्हणून मुलीला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू देऊ नका. शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते. खोलीबद्दल माझे स्पष्ट मत असे, की रंग सुटलेला नसेल तर खरवडूच नका. सुटला असेल तर मुलगी येण्याच्या पुष्कळ आधी काम उरकून घ्या, घासकाम पाणी मारून ओलेच करवून घ्या, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या.

आता प्लास्टिक. कडक प्लास्टिकमध्ये असणारे बिस्फेनॉल-ए हे रसायन स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते, तर प्लास्टिक मऊ करण्यासाठी आणि सुगंधी प्रसाधनांत वापरली जाणारी थॅलेट्स पुरुष-संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतात. गर्भाची जननेंद्रिये घडण्याच्या काळात हा अडथळा महत्त्वाचा ठरू शकतो. मात्र ही द्रव्ये शिशासारखी साठून राहत नाहीत. बहुतांश एका दिवसात लघवीवाटे निघून जातात. म्हणजे आज सवय बदलली तर उद्याच फरक पडतो. डाळ-तांदळाचे कोरडे डबे राहू द्यावेत. गरम वरण, लोणचे, तूप मात्र स्टीलमध्ये किंवा काचेत असावे. बाटलीने दूध पाजण्याची वेळ शक्यतो येऊ नये, आणि आलीच तर आपले वाटी-चमचा किंवा चांदीचे बोंडले उत्तम. मुलीला माहेरचे पोहे खावेसे वाटतीलच. ते वर्तमानपत्राच्या कागदावर न घेता घरचा डबा नेऊन आणावेत, कारण छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते.

काजळाविषयी मुलीचेच खरे. काही काजळांत आणि सुरम्यांत शिसे आढळते आणि बाळ डोळा चोळून तोच हात चोखते. तीट लावायचीच असेल तर ती तळपायाला लावा. शेक-शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा यांच्यापेक्षा कोळसा घातक आहे. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग, आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेता येतो.

आपण विचारले नाही, तरी सांगतो. ट्रंकेतल्या जुन्या कुंच्या आणि दुपटी डांबरगोळ्यांत ठेवलेली असतील, तर वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन उन्हात वाळवल्याखेरीज ती बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतील नॅप्थॅलीनमुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि तेल चोळलेल्या त्वचेतून ते अधिक सहज आत शिरते.

प्रश्न : मी पीथमपूरला एका कारखान्यात बॅटरी विभागात काम करतो. आम्हाला मूल हवे आहे. काळजी पत्नीनेच घ्यायची असते ना?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही, आपणही घ्यायची आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आले की आपल्यापैकी अनेकांना मूलच होत नाही; तपासणीत कित्येकांचे शुक्रजंतू अत्यल्प किंवा शून्य निघाले. बॅटऱ्यांत वापरले जाणारे शिसेही शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी करते. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडेपर्यंत सुमारे अडीच ते तीन महिने लागतात, तेव्हा गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून जपायला हवे. प्रथम रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या, आणि ते वाढलेले आढळले तर कारखान्याच्या डॉक्टरांकडून विभाग बदलून मागा. कामाचे कपडे आणि बूट कारखान्यातच ठेवा, अंघोळ करूनच घरी निघा. कपडे घरी आणावेच लागले तर ते झटकू नका, आणि पत्नीच्या कपड्यांत मिसळू न देता स्वतः वेगळ्या बादलीत धुवा.