दोन मॉनिटर जोडले, पण दोन्हीवर एकच चित्र दिसतं. काय करू?

तुमचं म्हणणं असं आहे: ऑनलाइन सेंटरच्या कॉम्प्युटरला घरातला जुना मॉनिटर जोडला, पण दोन्हीवर तेच दिसतं, सीपीयूला एचडीएमआय (मॉनिटरची केबल लावायचं पोर्ट) एकच आहे, आणि एवढा खटाटोप करून फायदा होतो का? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात असंच केंद्र चालवतो आणि माझ्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत. फायदा होतो, आणि खर्च बहुतेक एका केबलचाच असतो.

आधी 'तेच दिसतं' याचं बघू. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि पी दाबा. चार पर्याय येतील, त्यातला 'एक्स्टेंड' घ्या, म्हणजे दोन्हीवर वेगवेगळं दिसेल. सध्या तुमचं 'डुप्लिकेट'वर असणार. तरीही फरक पडला नाही तर मधे स्प्लिटर लावलाय का ते तपासा. एका एचडीएमआयचे दोन करणारी छोटी डबी असते ती. मलाही दुकानातून तीच मिळाली होती आणि दोन दिवस मी सेटिंगच उलटीपालटी करत बसलो. ती डबी एकाच चित्राच्या दोन प्रती काढते. कॉम्प्युटरला एकच मॉनिटर दिसतो, मग एक्स्टेंड होणार कसं? ती परत करा.

दुसरा एचडीएमआय नसला तरी काळजी नको. सीपीयूच्या मागे निळं, १५ छिद्रांचं व्हीजीए पोर्ट बहुतेक असतंच. नवा मॉनिटर एचडीएमआयवर आणि जुना व्हीजीएवर लावा, दोन्ही एकदम चालतात. मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर दोन्ही केबल त्या कार्डालाच लावा. कार्ड असलं की बऱ्याच मशीनमध्ये मदरबोर्डवरची, म्हणजे सीपीयूची मूळची पोर्टं आपोआप बंद होतात, आणि 'नो सिग्नल' बघून लोक चांगला मॉनिटर खराब समजतात. कार्डाला व्हीजीए नाही म्हणून कन्व्हर्टर घेणार असाल तर दुकानात स्पष्ट सांगा, कॉम्प्युटरकडून एचडीएमआय आणि मॉनिटरकडे व्हीजीए. हे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात, उलटे लावून उपयोग नाही.

व्हीजीए केबल कधी जोर लावून खुपसू नका. माझ्या जुन्या मॉनिटरचा पडदा एकदा पिवळाधमक झाला. केबल काढून उजेडात धरली तर एक पिन वाकून शेजारणीला टेकली होती. निळ्या रंगाचा सिग्नल तुटला की पांढरं पिवळं दिसतं. बारीक चिमट्याने पिन सरळ केली आणि रंग परत आले. काही केबलींना एक पिन मुळातच नसते, ती तुटली समजून घाबरू नका.

आता डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा. १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसेच ते माउसने सरकवा. माझा एक २२ इंची, दुसरा साडेअठरा इंची. चौकोनांच्या कडा वरखाली राहिल्या होत्या तेव्हा माउस एका उंचीवर अडायचा, पलीकडे जायचाच नाही. कडा जुळवल्या आणि तो त्रास गेला. तुमच्या समोरच्या चौकोनावर क्लिक करून त्याला मुख्य डिस्प्ले करा.

यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुष्कळ जण दोन्ही मॉनिटर स्वतःकडे तोंड करून ठेवतात. एकावर स्कॅन केलेलं पासबुक, दुसऱ्यावर फॉर्म, काम भराभर होतं, हे खरं. पण तुम्ही दुसरा मॉनिटर समोर बसलेल्या माणसाकडे वळवून बघा. पूर्वी माझ्याकडे लोक खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, आणि एकाचं आधार दुसरा वाचायचा. आता फॉर्म मी माझ्याकडे भरतो, आणि सबमिट करण्याआधी विंडोज, शिफ्ट आणि डाव्या किंवा उजव्या बाणाचं बटण एकत्र दाबतो. विंडो त्यांच्या पडद्यावर जाते. तपासून झालं की तसाच परत घेतो. त्यांच्याकडे कायम डुप्लिकेट ठेवू नका, आधीच्या माणसाची कागदपत्रं दिसतात.

एका खरिपात एक म्हातारे काका पीकविम्याला आले होते. त्यांचं दोन एकर, म्हणजे ०.८१ हेक्टर. माझ्या हातून ०.१८ पडलं होतं. काकांना अक्षर फारसं वाचता येत नाही, पण आकडे येतात. पडद्याजवळ वाकून त्यांनी बोट ठेवलं. "बाबू, माह्यं वावर एवढुसंच हाय काय?" मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. फॉर्म तसाच गेला असता तर नुकसान झाल्यावर भरपाई ०.१८ चीच निघाली असती.

समोरच्या माणसाच्या पडद्यावर अक्षर मोठं हवं. क्रोममध्ये झूम केलं तर ती साइट दोन्हीकडे मोठी होते. म्हणून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये फक्त २ नंबर निवडून स्केल १५० टक्के करा.

लाइटचं म्हणाल तर साडेअठरा इंची एलईडी मॉनिटर साधारण २० वॅट घेतो, ६०० व्हीएच्या यूपीएसवर दोन्ही आरामात चालतात. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका, तो तापताना एकदम भार ओढतो. आणि पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की सगळे प्लग काढून ठेवा.

हे करूनही दुसरा पडदा काळाच राहिला तर सीपीयूच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, कोणती केबल कुठे लावायची ते बघून सांगतो.