जर्मन विद्यापीठाच्या सिनेटवर नव्याने निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधीस

तुमची निवड झाली याचा मनापासून आनंद वाटला. संशोधन आणि प्राध्यापकांच्या नेमणुका या बाबतींत प्राध्यापकवर्गाचा प्रभाव निर्णायक असला पाहिजे, असे जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७३ मध्ये ठरवून दिले असल्याने, केवळ मतांच्या जोरावर तेथे काही पदरात पाडून घेता येईल असे समजू नका. आपले बळ तयारीत असते.

माझ्या पहिल्याच वर्षी परीक्षा-नियमावलीच्या जाडजूड मसुद्यात जुन्या विद्यार्थ्यांची पुनर्परीक्षेची मुदत कमी करणारी एकच ओळ होती. ती मला बैठकीच्या आदल्या रात्री दिसली आणि तोवर कोणाशी बोलायला वेळच उरला नव्हता. म्हणून सुरुवातीला एवढेच सांभाळा:

१. कागदपत्रे हाती येताच संक्रमणकालीन तरतुदी, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांना नवे नियम कसे लागू होतील हे सांगणारा भाग, आधी वाचा आणि शंका असल्यास बैठकीपूर्वीच संबंधित प्राध्यापकांना भेटा.

२. जर्मन कच्ची आहे म्हणून गप्प बसू नका. दोन वाक्ये लिहून न्या, वाचून दाखवा आणि ती इतिवृत्तात नोंदवली गेली का, हे नक्की पाहा.

३. प्राध्यापकांच्या नेमणूक समितीसमोर आलेल्या उमेदवारांची नावे जिवलग मित्रालाही सांगू नका.

विद्यार्थी प्रतिनिधीची मुदत बहुधा एकाच वर्षाची असते. तेव्हा पहिल्या सत्रातच पुढच्या प्रतिनिधीला सोबत घ्या.