नवीन कुत्रा आणल्यापासून जुना कुत्रा ताटलीवर गुरगुरतो. वन बीएचकेमध्ये काय करता येईल?

आधी एक: गुरगुरण्यावर ओरडू नका. ती सूचना आहे. ती दाबली की कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावू शकतो. त्याच्याही आधीची खूण म्हणजे ताटलीवर मान घालून एकदम थिजणं, घाईघाईने गिळणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं.

पहिले दोन-तीन आठवडे दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून जेवण. पंधरा मिनिटांनी ताटल्या उचला, रिकाम्यासुद्धा. हाडं, चघळायच्या कांड्या, लाडकी खेळणी कपाटात. पाण्याची भांडी दोन, दोन ठिकाणी. मुंबईच्या घरात खरा अडथळा म्हणजे स्वयंपाकघराकडचा चिंचोळा पॅसेज; दोघे तिथे समोरासमोर आले की जुंपलीच. दारात बेबी गेट लावा. बोंबील साफ करताना तर दोघेही बाहेर.

सराव असा: नवा कुत्रा पट्ट्यावर, आठ-दहा फुटांवर, दुसऱ्या माणसाच्या हातात. तो दिसला की जुन्याला उकडलेल्या चिकनचे (बिनमिठाचे, बिनहाडाचे) नखाएवढे तुकडे. तो आड गेला की चिकन बंद. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं. जुना सैल दिसला तरच एक फूट जवळ. थिजला तर तुम्ही घाई केलीत, मागे जा.

‘सवय व्हावी’ म्हणून ताटलीत हात घालायचा सल्ला सोसायटीत हमखास मिळतो. ऐकू नका, त्याने ताटलीची राखण वाढते.

गुरगुरणं अचानक सुरू झालं असेल तर दात-कान व्हेटकडून तपासून घ्या. चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.