बाँबर, बमवर्षक की बाँबफेकी?

खानापूरहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या बी-२ विमानांनी इराणवर हल्ला केला, तेव्हा त्यांच्या स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार म्हणतात, "आपलं सुखोई पण बाँबरच की! आठ टन माल नेतंय." कॉलेजातला एक मुलगा मोबाईलवर हिंदी बातम्या बघतो, तो बी-२ ला 'बमवर्षक' म्हणतो. शेजारचे कन्नड बोलणारे दुकानदार सगळ्यांनाच 'युद्धविमान' म्हणतात. गुरुजींचा प्रश्न असा, की मराठीत नेमका शब्द कोणता? आणि रडारला सहज न सापडणाऱ्या 'स्टेल्थ' विमानाला वर्तमानपत्रं 'अदृश्य' म्हणतात, ते बरोबर आहे का?

गुरुजी, आधी उत्तर सांगतो. दुकानदारांचा 'युद्धविमान' हा शब्द मराठीतही चालतो, पण तो सगळ्या गोतावळ्याचा शब्द आहे. त्या गोतावळ्यात 'लढाऊ विमान' वेगळं आणि 'बाँबफेकी विमान' वेगळं. बोलताना 'बाँबर' म्हटलं तर काही बिघडत नाही. लिहिताना मात्र मी 'बाँबफेकी' लिहितो. 'बमवर्षक' कधीच लिहीत नाही, त्याची कारणं पुढे देतो.

माझी आजी सांबऱ्याची, म्हणजे बेळगावचा विमानतळ आहे त्या गावची. डिसेंबर १९६१ मधली एक सकाळ ती मरेपर्यंत सांगत राहिली. अंगणाच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब पेटवून त्याच्या नळकांड्यात ती शेणीचे तुकडे सोडत होती. तेवढ्यात धावपट्टीकडून असा आवाज उठला, की बंबाच्या झाकणावरचं पितळी भांडं थरथरत कडेला आलं आणि खाली पडलं. "इमानं गेली गोव्याकडं, बंब टाकाया," हे तिचं वाक्य. बाँबला ती शेवटपर्यंत बंबच म्हणाली.

गोवा मुक्तीच्या कारवाईत त्या दिवशी, म्हणजे १८ डिसेंबरला, सांबऱ्याहून उडाली ती हंटर विमानं. ती लढाऊ. सहा हंटरांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर रॉकेटं आणि विमानातल्या तोफांनी मारा केला. बाँब पडले ते दाबोळीच्या धावपट्टीवर, आणि ते टाकायला पुण्याहून आली होती बारा कॅनबेरा विमानं. पोटात बाँबचा कप्पा घेऊन उडणारं कॅनबेरा हे आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट बाँबफेकी विमान, १९५७ साली दाखल झालेलं. एकाच सकाळी, एकाच मोहिमेत दोन जातींची विमानं आणि दोन वेगळी कामं. 'लढाऊ' आणि 'बाँबफेकी' हे दोन शब्द वेगळे का ठेवायचे, याचं याहून जवळचं उदाहरण आपल्या भागात मला तरी सापडत नाही.

आजीच्या 'बंबा'कडे थोडा वळतो, कारण तो शब्द मला फार प्रिय आहे. पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणजे पंपही आणि बाँबही. त्यातला पंपाचा अर्थ घेऊन शब्द मराठीत उतरला आणि आपला 'बंब' झाला. आग विझवणारा बंब तो, आणि पुढे न्हाणीतला पाणी तापवणारा बंबही तोच. दुसरा अर्थ बऱ्याच उशिरा इंग्रजीच्या वाटेने 'बाँब' होऊन आला. म्हणजे आजीने दोन लांबच्या भावंडांना नकळत पुन्हा एका नावाने हाक मारली होती. तिला चुकीचं बोलणारी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आता 'बमवर्षक'. हिंदीत तो अगदी रुळलेला आहे, तिथे त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मराठीत 'बम' नाही, 'बाँब' आहे. 'वर्षाव' आपला, पण 'वर्षक' असं आपण दुसरं काहीच म्हणत नाही. फुलांचा वर्षाव करणाऱ्याला कुणी 'पुष्पवर्षक' म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. त्याहून मोठी अडचण अर्थाची. व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या बी-५२ बाँबफेकी विमानांनी उंचावरून ओळीने बाँब सोडत मैलच्या मैल जमीन उकरली, त्याला वर्षाव म्हणणं शोभतं. इराणमध्ये सात बी-२ विमानांनी मिळून टाकले चौदा बाँब. एकेक सुमारे १३,६०० किलोचा, जमिनीखालच्या ठरलेल्या जागांसाठी. दर विमानामागे दोन. दोन थेंबांना पाऊस कसं म्हणायचं? वर्षाव ही बाँब टाकण्याची एक तऱ्हा झाली. तिच्यावरून विमानाच्या सगळ्या जातीचं नाव ठेवलं की ते अपुरं पडतं.

'बाँबफेकी' मात्र मराठीच्या हाडाचा आहे. पाण्यात बुडी मारते ती पाणबुडी, तसं बाँब फेकतं ते बाँबफेकी. भालाफेक, थाळीफेक, दगडफेक या पंगतीत 'बाँबफेक' सहज बसतं आणि त्याला 'ई' लागून विशेषण तयार होतं. ते 'लढाऊ'सारखंच बदलत नाही: एक बाँबफेकी विमान, दहा बाँबफेकी विमानं. कुणी म्हणेल, बाँब फेकत नाहीत, सोडतात. खरं आहे. पण 'फेक' म्हटलं की नेम आला, आणि या विमानाचं सगळं मोल नेमावरच ठरतं.

सुभेदारसाहेबांचा मुद्दा राहिला. तो वजनदार आहे, नुसता उडवून लावता येणार नाही. सुखोई-३० आठ टनांपर्यंत शस्त्रं नेतं, ब्राह्मोससारखं जड क्षेपणास्त्र पोटाखाली बांधून उडतं. २०१९ मध्ये बालाकोटला बाँब टाकले ते मिराज २००० ने, आणि तेही लढाऊच. मग फरक कुठे? वजनात बघितलं तर बी-५२ तीस टनांच्या वर नेतं आणि बी-२ ने इराणला दोन बाँब मिळून सत्तावीस टन नेले. पण मी वजनापेक्षा पल्ला बघतो. वाटेत इंधन न घेता सुखोई तीन हजार किलोमीटर जातं, बी-२ अकरा हजारांच्या घरात. अमेरिकेतल्या मिसूरीतून निघून इराणवर बाँब टाकून ती विमानं परत घरी उतरली, हवेत इंधन घेत घेत, सुमारे सदतीस तास उडून. इतक्या लांब जाऊन मारा करणं हा बाँबफेकी विमानाचा गुण, आणि त्याचा दोषही त्यालाच चिकटलेला. बी-२ वर शत्रूच्या विमानाशी झुंजायला ना तोफ, ना क्षेपणास्त्र. त्याने लपत जावं, नाहीतर सोबत लढाऊ विमानं न्यावीत. इराणच्या मोहिमेत त्याने दोन्ही केलं. सुखोई वाटेत शत्रूचं विमान आडवं आलं तर त्याच्याशी दोन हात करू शकतं.

म्हणून सुखोईने बाँबफेक केली असं जरूर म्हणा, पण त्याची जात लढाऊच, फार तर 'बहुउद्देशीय लढाऊ'. तुमच्याकडे चिखलणीला रेडा जुंपला तरी त्याला कुणी बैल म्हणत नाही, तसंच हे. आपल्याकडचं शेवटचं खरं बाँबफेकी विमान कॅनबेराच होतं. ते २००७ मध्ये निवृत्त झालं आणि त्याच्या जागी तशा जातीचं दुसरं आलं नाही. १९७९ पासून असलेलं जॅग्वार खोलवर जाऊन जमिनीवर मारा करण्यासाठी आहे, त्यामुळे ते बाँबफेकीच्या उंबऱ्यापर्यंत येतं. त्याच्यावरून सुभेदारसाहेबांनी वाद घातला असता तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो.

'अदृश्य' हा शब्द सोडूनच द्यावा. बावन्न मीटर पंखांचं विमान दिवसाउजेडी डोक्यावरून गेलं तर जांबोटीच्या गुराख्यालाही दिसेल. आकार आणि अंगावरचा लेप असा केलेला असतो, की रडारच्या लहरी जिथून आल्या तिकडे फारच थोड्या परत जातात. रडार असतं, विमानही असतं, फक्त गाठ पडत नाही. याला मराठीत एक जिवंत शब्द आहे, हुलकावणी. 'रडारला हुलकावणी देणारं बाँबफेकी विमान' हे लांबलं तरी खोटं नाही. मथळ्यात जागा नसेल तर 'स्टेल्थ' तसंच ठेवावं.

राहिलं लेखन. 'बाँब' की 'बॉम्ब', दोन्ही छापात दिसतात, दोन्ही चालतील. एका लेखात एकच ठेवा. आपल्याकडे कन्नडच्या शेजाराने तोंडात 'बांब' येतो, तो बोलण्यात तसाच राहू द्या. आणि गाड्यावर पुढच्या वेळी सुभेदारसाहेबांना माझ्या वतीने इतकंच सांगा: सुखोई बाँब टाकतं हे कबूल, पल्ला किती ते बोला.