मुलगी हिंदू, मुलगा मुस्लिम, दोघांनाही धर्म बदलायचा नाही. कोर्ट मॅरेज एका दिवसात होतं का? नोटीस घरी जाते का?

एका दिवसात होत नाही. मालिकेत दोघं दुपारी घरातून निघतात, सही करून हार घालतात आणि पुढच्या भागात उंबरठ्यावर उभी असतात. ते पाहून हा समज पक्का झाला आहे आणि कचेरीबाहेरच्या एजंटांचा धंदा त्यावरच चालतो. खरं तर ‘कोर्ट मॅरेज’ कोर्टात होतच नाही. ते विवाह अधिकाऱ्यासमोर होतं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. धर्म न बदलता लग्न करायचं तर तुमच्यासाठी हाच रस्ता आहे.

आधी दिवसांचा हिशेब मांडा. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग किमान ३० दिवस वास्तव्य हवं. त्यानंतर नोटीस द्यायची. ती प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी असतात. ते संपले की लग्न लावता येतं, पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत. म्हणजे ५ जानेवारीला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती लागली, तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते एप्रिलची सुरुवात एवढाच काळ हातात राहतो. तो हुकला तर नोटीस रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

पहिली अडचण येते ती राहण्याच्या पुराव्याची. भाड्याने राहत असाल तर लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात कायद्याने ती नोंदणी बंधनकारक आहे, नुसत्या नोटरीच्या कागदावर विसंबू नका. वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षं पूर्ण हवीत. दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, ही नेहमीची भानगड, ती नोटिशीआधीच निस्तरा. आधीचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला. नोटीस नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येते, पण त्यामुळे ३० दिवस वाचत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न. नोटीस घरी पाठवा, असं कायदा कुठेही सांगत नाही. ती विवाह नोटीस वहीत नोंदवायची आणि कचेरीत दिसेल अशा जागी लावायची, एवढंच कलमात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं होतं की घरच्या पत्त्यावर नोटीस धाडायला कायद्यात आधार नाही. तरीही घरी बातमी पोहोचते ती दुसऱ्या वाटेने. तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. तुम्ही पुण्यात नोटीस दिली आणि कायमचा पत्ता लातूरचा असेल, तर ती लातूरलाही लागणार. कोणीतरी ओळखीचं वाचतं आणि संध्याकाळपर्यंत घरी फोन जातो. यावर उपाय म्हणून खोटा पत्ता देऊ नका. खोटं निवेदन हा गुन्हा आहे आणि पुढे लग्नच वादात सापडतं.

हरकत कोणीही घेऊ शकतं, पण कारणं ठरलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, संमती देण्याजोगी मानसिक स्थिती नसणं, निषिद्ध नातं (कायद्याने लग्नाला मनाई असलेलं जवळचं नातं) असणं. ‘आईवडिलांना मान्य नाही’ किंवा ‘धर्म वेगळा आहे’ ही हरकत होऊच शकत नाही. आलीच तर अधिकाऱ्याला ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावा लागतो. हरकत मान्य झाली तर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. हरकत खोडसाळ ठरली तर हरकतदाराला दंड म्हणून भरपाई द्यावी लागते, पण ती जास्तीत जास्त १,००० रुपये. १९५४ ला त्या रकमेला वजन असेल, आज नाही.

या नोटिशीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती जाहीर लावणं बंद व्हायला हवं. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना अशी नोटीस द्यावी लागत नाही. वय आणि आधीचं लग्न कागदांवरून तपासता येतं, त्यासाठी सज्ञान माणसांची नावं भिंतीवर टांगायची गरज नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. पण त्या निकालाच्या भरवशावर महाराष्ट्रात नोटीस टळेल असं धरून चालू नका. आपल्याकडे सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती नेमली, मग काही दिवसांतच त्यातून ‘आंतरजातीय’ शब्द वगळला. उरली तुमच्यासारखी जोडपी. सरकारचं काम अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचं आहे, त्यांची यादी करण्याचं नाही. एवढं मात्र पक्कं धरा की तुमचं लग्न थांबवण्याचा अधिकार त्या समितीला नाही.

संरक्षणाची तयारी नोटिशीच्या आधी करा. आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीने लग्न करतो आहोत, असा दोघांच्या सह्यांचा अर्ज वयाच्या पुराव्यांसह पोलीस ठाण्यात द्या, प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष उभारायला सांगितलं आहे. अर्जात त्या निकालाचा उल्लेख करा. घरच्यांनी मुलगी हरवल्याची किंवा पळवल्याची तक्रार दिली तर लपू नका. सज्ञान मुलीने दंडाधिकाऱ्यांसमोर स्वतः दिलेला जबाब अशा वेळी सगळ्यात भक्कम ठरतो.

एजंट सांगेल, ‘एक दिवस धर्म बदला, लगेच प्रमाणपत्र मिळतं.’ हे करू नका. नावापुरतं धर्मांतर पुढे कोर्टात टिकत नाही. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेणंही धोक्याचं आहे. विधीच झाला नसेल तर नोंदणी असूनही हिंदू विवाह ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलं. (दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल, जात कुठलीही असो, तर हिंदू विवाह कायदा लागू होतो. रीतीप्रमाणे लग्न लावा आणि ग्रामपंचायत किंवा पालिकेत नोंदवा, नोटिशीची गरजच नाही. अनेक आंतरजातीय जोडपी उगाच ३० दिवसांच्या फेऱ्यात अडकतात.)

लग्नानंतर मुलगी कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबातून वेगळी झाली असं धरलं जातं. याचा अर्थ तिचा हिस्सा बुडतो असा होत नाही, नातेवाईक मात्र तसंच सांगतात. दोघांचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो: मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, बाकीचं मुलांना. हे प्रमाण नको असेल तर मृत्युपत्र करा.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार ओळखपत्रांसह हवेत. मित्रमैत्रिणी चालतात, नातेवाईकच हवेत असं नाही. चौथा माणूस तयार ठेवा, ऐनवेळी एक जण घाबरून येत नाही. विवाह प्रमाणपत्र वहीत सही करण्याआधी नावं, जन्मतारखा आणि पत्ते अक्षर न् अक्षर वाचा. तीच नोंद लग्नाचा निर्णायक पुरावा मानली जाते, चूक नंतर दुरुस्त करायला बसलात तर हेलपाटे तुम्हालाच घालावे लागतील.